काडतुसाच्या पितळेत पैसे वाचवताना: कोकणातल्या परवानाधारकांनी या चुका टाळा

काजू धरला की माकडांच्या टोळ्या उतरतात, भात पोटरीला आलं की डुकरं. शेतीसंरक्षणाची बंदूक असलेल्या घरात मग काडतुसांचा हिशेब सुरू होतो. काडतूस महाग, परवान्यावर वर्षाचा आकडा ठरलेला, आणि दुकान लांब. अशात मोबाइलवर अमेरिकेतला एखादा व्हिडिओ दिसतो. एक माणूस रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे उडवलेल्या काडतुसांची पितळी कवचं, गोळा करतो, त्यांत नवी केप (बार पेटवणारी बुडाची टिकली), बंदुकीची दारू आणि गोळी बसवतो, की काडतूस पुन्हा तयार. ते बघून मुलं विचारायला लागतात, "असं स्वस्त पितळ आपल्याकडे कुठे मिळेल?"

पहिली चूक: भंगारातलं पितळ शोधत फिरणं

तिकडे एकदा उडवलेलं पितळ, केपा, दारू, भरायचं यंत्र, सगळं उघड विकत मिळतं. आपल्याकडे कायदा वेगळा आहे. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. तो नसताना बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. शिवाय कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात. त्यामुळे 'नुसत्या पुंगळ्या तर आहेत' हा बचाव टिकेल, असं धरून चालू नका. शेजाऱ्याकडून चार काडतुसं हातउसनी घेणंही टाळा. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करा आणि परवान्यावर नोंद करून घ्या.

कोकणात घरटी कोणीतरी फौजेत होऊन गेलेलं असतं. आजोबांच्या ट्रंकेत .३०३ ची जुनी काडतुसं किंवा पुंगळ्या सापडतात. बुडावर 'केएफ' अशी इंग्रजी अक्षरं आणि साल असेल, तर तो माल खडकीच्या कारखान्यातला. हे पितळ कामाला येईल असं मनातही आणू नका. .३०३ हा नागरिकांना बंदी असलेला बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे. तांत्रिक बाजूनेही ते पितळ भरण्यालायक नसतं. यातल्या बहुतेकांची केप बर्डन पद्धतीची असते, म्हणजे पुंगळीच्या तळाशी दोन बारीक भोकं आणि मध्ये एक उंचवटा. व्हिडिओत दिसते ती केप बॉक्सर पद्धतीची. तिला मधोमध एकच भोक असतं, म्हणून ती सुईने सहज निघते. शिवाय जुन्या केपांमधला पारा बार उडताना पितळेत शिरून त्याला ठिसूळ करतो. असं काही सापडलं तर हात न लावता पोलिस ठाण्यात कळवा.

सगळ्यांत महागात पडणारी चूक: गोठ्याचा माळा

खरी बचत आहे ती घरात असलेलं काडतूस नासू न देण्यात, आणि कोकणात ते नासायला एक पावसाळा पुरतो. कित्येक घरांत काडतुसांचा डबा गोठ्याच्या माळ्यावर असतो, कारण तिथे पोरांचा हात पोचत नाही. हेतू चांगला, पण पितळेला त्याहून वाईट जागा नाही.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेने पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवली आणि धड दिसणाऱ्या पितळेला आपोआप तडे गेले. कोडं उलगडलं ते १९२१ मध्ये. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि पुंगळी घडवताना पितळेत राहिलेला ताण, हे तिन्ही जुळले की तडा जातो. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. अमोनिया या मिश्रणावर फार लवकर चढतो. आपल्या गोठ्यात गाईम्हशींचं मूत आहे, आणि जुलैतला दमटपणा काय असतो ते सांगायला नको. कोंबड्यांचं खुराडं आणि युरियाची पोती यांच्यापासूनही डबा लांबच ठेवा.

.३१५ रायफलवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. तिची पुंगळी सबंध पितळेची, आणि तडा जातो तो गोळी जिथे आवळलेली असते त्या मानेवर, उभा, केसासारखा. खिडकीपाशी उजेडात काडतूस हळूहळू फिरवा आणि मानेवरून आडवं नख ओढा. नख अडकलं तर ते काडतूस बाजूला काढा. मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसली तर मात्र घाबरू नका. ताण निघून जावा म्हणून कारखान्यात मान तापवतात, त्याची ती खूण असते. बारा बोअरमध्ये पितळ फक्त बुडाला असतं. तिथे कडेला हिरवं कीट आहे का ते बघा, आणि काडतुसं कागदी कवचाची असतील तर ती फुगलीत का ते बघा. फुगलेलं काडतूस बंदुकीच्या नळीत ठोकून बसवू नका.

पट्टा आणि चिंच

चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं वर्षभर अडकवून ठेवू नका. चामडं कमावायला वापरलेली द्रव्यं पितळेला धरतात आणि हिरवं कीट येतं. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तशातलाच हा प्रकार. पट्टा फिरतीपुरता, घरी आलात की काडतुसं डब्यात.

कीट दिसलं की चिंच किंवा पितांबरी लावून घासायची सवय समईला ठीक आहे, भरलेल्या काडतुसाला नाही. ओल केपेच्या कडेने आत जाते. आंबट पदार्थात पितळ फार वेळ राहिलं तर जस्त निघून जातं आणि गुलाबी डाग उरतात. झोंबणाऱ्या वासाच्या पॉलिशमध्ये अमोनिया असू शकतो. तेलाचा फवाराही मारू नका, तेल केपेत झिरपतं. कोरड्या सुती फडक्याने पुसा, बस्स. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवून सुकवणं तर नकोच.

घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, डबा घरातल्या कोरड्या कुलूपबंद कपाटात. जुनी काडतुसं वर ठेवा, म्हणजे आधी तीच वापरली जातील.

बार फुसका गेला तर

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा. ओलसर केप उशिराने पेटू शकते. आवाज झाला पण दबका वाटला, तर दुसरं काडतूस भरायच्या आधी बंदूक रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. गोळी किंवा गुद्दी (दारू आणि छऱ्यांमधला बोळा) मध्येच अडकली असेल आणि वरून दुसरा बार गेला, तर नळी फुटते, हात जातो, डोळा जातो. खराब काडतुसं खाडीत किंवा विहिरीत टाकू नका. दुकानदाराकडे किंवा पोलिस ठाण्यात रीतसर द्या. आणि रानडुकराचाही शेतात उच्छाद असला, तरी ते मारायला वनविभागाची परवानगी लागते.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होते तेव्हा काडतुसं सोबत दिली असतील तर मोजून पावतीवर लिहून घ्या. परत आणल्यावर लगेच भरू नका. बरेच दिवस न वापरलेल्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. आधी नळी उजेडाकडे धरून बघा, गजाने साफ करा, मगच काडतूस हातात घ्या.