टोपाचं बूड काळं पडतंय? आधी ज्योत बघा

चहाच्या टोपाचं बूड काळं पडायला लागलं की आपण घासणी बदलतो. बदलायला हवी असते ज्योत. ती निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लांब, लवलवणारी ज्योत म्हणजे गॅसला हवा पुरत नाही, जळण अर्धवट होतंय. त्यातून काजळी धरते आणि वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइडही निघतो. (डाळ उतू गेल्यावर थोडा वेळ ज्योत केशरी दिसते, ती मिठामुळे. त्याची चिंता नको.)

सिलिंडर असेल तर रेग्युलेटर, पाइप गॅस असेल तर भिंतीजवळचा कॉक बंद करा. शेगडी गार झाली की बर्नर उचला, साबणाच्या गरम पाण्यात भिजवा आणि भोकं सेफ्टी पिनने मोकळी करा. टूथपिक नको, टोक आत मोडतं. बर्नर पूर्ण वाळवूनच बसवा. ठाण्यात जुलैत ऊन कुठलं, तेव्हा रात्रभर पंख्याखाली ठेवा.

एवढं करूनही ज्योत पिवळीच? मग शेगडी उलटी करून जेटपासून (गॅस सोडणारी बारीक भोकाची पितळी तोटी) बर्नरपर्यंत जाणारी नळी बघा. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी दुरुस्तीवाल्याने दोनदा नवा बर्नर बसवला, पैसेही घेतले. शेवटी मीच नळीत बाटली धुवायचा ब्रश घातला, तर आतून झुरळाची अंडी आणि जाळं निघालं! हवा तिथेच अडकत होती. जेटमध्ये मात्र सुई खुपसू नका. पितळ मऊ, भोक मोठं होतं आणि गॅस जास्त येतो.

सिलिंडर सोडून पाइप गॅस घेतला असेल, तर जेट बदलले का विचारा. सिलिंडरचा बारीक जेट पाइप गॅसवर ठेवला तर ज्योत मिणमिणते. उलट, पाइप गॅसची शेगडी सिलिंडरला जोडली तर भडका उडतो, म्हणून ते करूच नका.

शेवटी शेगडीला गॅस आणणाऱ्या रबरी नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही तपासू नका. केशरी सुरक्षा नळी 5 वर्षांनी बदलतात, तारीख तिच्यावरच छापलेली असते.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू नको आणि बंदही नको. जमलं तर गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून दार उघडणं जास्त महत्त्वाचं. पाइपचा हलका, तो छताकडे जातो. सगळ्यांना घेऊन जिन्याने खाली उतरा. सिलिंडर असेल तर खाली गेल्यावरच 1906 ला फोन करा, पाइप गॅस असेल तर बिलावरच्या आपत्कालीन नंबरला. शेजाऱ्यांना सांगायचं तर बेल दाबू नका, दार ठोका.