ऑडिओ ड्रायव्हरला हात लावण्याआधी

कॉम्प्युटरचा आवाज गेला की पहिला संशय ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोज आणि आवाजाची चिप यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर जातो, आणि बरेच जण तो ड्रायव्हर तिथल्या तिथे उडवून मोकळे होतात. एवढी घाई नको. आधी टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज जातोय कुठे ते बघा. एचडीएमआयने मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा आवाज तिकडे वळवते, आणि मॉनिटरला स्पीकर नसले तर सगळं मुकं होतं. मग सर्व्हिसेस, म्हणजे विंडोजच्या पडद्यामागे चालणाऱ्या सेवांची यादी, उघडून ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ चालू आहेत ना ते पाहा. दुसरी बंद असेल तर पहिली चालत नाही.

हे सगळं ठीक असेल तरच ड्रायव्हरकडे वळा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि आवाजाच्या विभागातली सगळी नावं वहीत उतरवून घ्या. एकाहून जास्त नावं दिसली म्हणून दचकू नका, ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय आवाजही तिथेच असतो. प्रत्येक नावाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर पुरवठादार, तारीख, आवृत्ती आणि डिजिटल सही (ड्रायव्हर खरा आणि फेरफार न केलेला असल्याची खूण) असते. चारही टिपून ठेवा. नुसतं ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असं नाव आणि पुरवठादार मायक्रोसॉफ्ट असेल, तर तो विंडोजसोबत येणारा सर्वसाधारण ड्रायव्हर. मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख दिसली तरी तो जुनाट आहे असं समजू नका. ती तारीख मुद्दाम मागची ठेवलेली आहे, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर तारखेत मागे पडून डावलला जात नाही. इथे खरं वय आवृत्तीच्या आकड्यावरून कळतं. या ड्रायव्हरवर आवाज येतो, पण हेडफोन जॅक ओळखणं किंवा आवाजावरच्या खास प्रक्रिया कधीकधी जातात.

चिप कोणाची हे नावावरून कळलं नाही, तर डिटेल्स टॅबमध्ये हार्डवेअर आयडी बघा. त्यात ‘व्हीईएन’नंतर १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हिडिया. पिवळं चिन्ह असेल तर जनरल टॅबवरचा कोडही लिहून घ्या: २८ म्हणजे ड्रायव्हरच बसलेला नाही, ५२ म्हणजे विंडोजला त्याची सही पटलेली नाही.

सहीबाबत मात्र अजिबात ढिलाई नको. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये चालतो. तिथे परका कोड शिरला तर अँटिव्हायरसचेही हात तोकडे पडू शकतात. विंडोज १०च्या १६०७ या आवृत्तीपासून नव्या कर्नल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची सही लागते, म्हणून सही करणाऱ्याच्या जागी बहुधा ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज हार्डवेअर कम्पॅटिबिलिटी पब्लिशर’ असं दिसतं. टास्क मॅनेजरमध्ये आवाजाशी संबंधित वाटणारं अनोळखी नाव दिसलं, तर राइट क्लिक करून त्याची फाइल कुठे आहे ते उघडा. आवाज हाताळणारा विंडोजचा स्वतःचा ऑडिओडीजी हा प्रोग्राम सिस्टम३२ फोल्डरमध्ये असतो. तेच नाव ॲपडेटामध्ये किंवा टेम्प फोल्डरमध्ये सापडलं तर आधी पूर्ण स्कॅन करा, ड्रायव्हरचं नंतर बघू.

नवा ड्रायव्हर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या सपोर्ट पानावरूनच घ्या. नेमकं मॉडेल सिस्टम इन्फर्मेशनमध्ये मिळतं. एकच चिप वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगळ्या प्रकारे जोडलेली असते, म्हणून दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर बसला तरी माइक किंवा एखादा स्पीकर गप्प राहू शकतो. सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं मी कोणालाच सुचवत नाही.

शेवटची तयारी परतीच्या वाटेची. रिस्टोर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर विंडोजला मागच्या स्थितीत नेणारी नोंद, तयार करा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पीएनपीयुटिल या विंडोजच्या ड्रायव्हर हाताळणाऱ्या कमांडच्या एक्सपोर्ट-ड्रायव्हर पर्यायाने सध्याचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. ड्रायव्हर टॅबवरच्या, आधीचा ड्रायव्हर परत आणणाऱ्या ‘रोल बॅक’ बटणावर विसंबू नका. आधीचा ड्रायव्हर साठवलेला नसेल तर ते फिकट दिसतं आणि दाबता येत नाही. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याची चौकट येते. तिच्यावर टिक न करता रीस्टार्ट केलं तर विंडोज साठवणीतला तोच ड्रायव्हर पुन्हा बसवते. सेटिंग बिघडली असेल तेव्हा तेवढंच पुरतं. ड्रायव्हरच खराब असेल तर मात्र टिक करावी लागते.

नवा ड्रायव्हर बसला की वहीतल्या आवृत्तीशी ताडून बघा, आणि स्पीकरबरोबर हेडफोन आणि माइकही तपासा.