सिग्नेचर कोळी ओळखताना या चुका टाळा

पाऊस सरत आला की नागपुरात सेमिनरी हिल्सच्या झुडपांत, अंबाझरीकडे, काटोलच्या संत्र्याच्या बागांत हा कोळी हमखास भेटतो. जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसलेली मादी, पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे ताणलेले, आणि जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी. फोटो ग्रुपवर पडतो आणि नक्षी बघूनच ‘आर्जिओपी’, म्हणजे सिग्नेचर कोळ्याचं शास्त्रीय नाव, असा निकाल लागतो.

मुख्य चूक हीच. जाळ्यात नक्षी सायक्लोसा, युलोबोरस हे दुसरे कोळीही काढतात. उलट आर्जिओपीच्या कित्येक जाळ्यांत ती नसतेच, आणि तिच्या पिलांची नक्षी बहुधा गोल चकतीसारखी असते. अशी चकती मी पहिल्या वर्षी वेगळ्याच कोळ्याच्या नावाने वहीत लिहिली होती. म्हणून आधी अंग बघा. डोक्याकडचा भाग चपटा, त्यावर चंदेरी केस. आठ डोळे दोन ओळींत. मागची ओळ चांगलीच वाकलेली, कडेचे डोळे मधल्यांपेक्षा पुढे. फ्रेंच निसर्गअभ्यासक ओदुआँ यांनी 1826 मध्ये मांडलेली आर्जिओपी ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) अ‍ॅरेनिडी कुलातली.

नेफिला या दुसऱ्या कोळ्याशीही गल्लत होते. तिचं पोट लांबट, नळकांड्यासारखं असतं आणि धागा उन्हात सोनेरी झळकतो.

जाळ्याच्या कडेला एखादा बारीकसा कोळी दिसला तर त्याला पिल्लू म्हणून सोडू नका. तोंडाजवळ दोन फुगीर बोंडं असतील तर तो नर. मादीपुढे तो अगदीच चिमुकला. आणि पाऱ्याच्या थेंबासारखं चकाकणारं टोकदार पोट असेल तर तो बहुधा आर्जिरोडिस, दुसऱ्याच्या जाळ्यातलं भक्ष्य चोरणारा, कुलच वेगळं.

जातीचं नाव लिहायची घाई तर मुळीच नको. आपल्याकडच्या अनसुजा आणि पुल्केला या दोन्ही जातींच्या पाठीवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात. खात्री होते ती मादीच्या पोटाखालच्या जननपट्टीवरून (जननछिद्रावरची कठीण पट्टी), तीही सूक्ष्मदर्शकाखाली. नुसता पाठीचा फोटो असेल तर ‘आर्जिओपी’ लिहून थांबावं, त्यात कमीपणा काही नाही.

फोटो मात्र दोन्ही बाजूंनी घ्या. जाळं उठून दिसावं म्हणून त्यावर पीठ भुरभुरू नका, कोळ्याची मेहनत वाया जाते. जाळ्याच्या पलीकडे जाताना फांदीला धक्का लागला तर मादी सगळं जाळं गदागदा हलवते, तिचं नुसतं पिवळं वलय दिसतं. तेव्हा मोबाइल खाली घ्या, जागचे हलू नका. जाळं थरथरायचं थांबलं, पाय पुन्हा जोडीने जुळले की पोटाखालचा फोटो घ्या.