कोल्ड्रिंकच्या कॅनमधे सहा महिन्यांचा सूर्य

पिनहोल कॅमेरा म्हणजे एक काळोखा डबा, त्याला एक बारीक भोक आणि भोकाच्या समोर फोटो पेपर, बास. लेन्स नाही, बॅटरी नाही, आणि शटरचं काम चिकटपट्टी करते. याच डब्यातून अर्ध्या मिनिटाचा फोटो निघतो आणि सहा महिन्यांचाही निघतो. बरेच जण सुरुवातीलाच डेव्हलपर (चित्र उमटवणारं केमिकल), फिक्सर (ते पक्कं करणारं), लाल दिवा असं सगळं जमवून बसतात आणि पहिले तीनचार कागद काळेकुट्ट आले की नाद सोडतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की आधी सहा महिन्यांचाच फोटो करा. ऐकायला अवघड वाटतं पण खरं तर तोच सोपा, त्यात एक्स्पोजर (कागदाला किती वेळ प्रकाश द्यायचा ते) मोजायचं नाही, केमिकल नाही, डार्करूम नाही. त्याला सोलारग्राफ म्हणतात.

हे होतं कसं, तर ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपरवर चांदीचे क्षार असतात आणि त्यांच्यावर भरपूर प्रकाश पडला की ते डेव्हलपरशिवाय आपोआप काळे पडत जातात. सूर्य रोज आकाशात एक कमान काढतो, ती भोकातून कागदावर रेघ होऊन उमटते, दुसऱ्या दिवशी सूर्य थोडा वर किंवा खाली सरकलेला असतो म्हणून रेघ पहिलीच्या शेजारी पडते. ढग आले की रेघ तुटते, दिवसभर आभाळ भरलेलं असेल तर त्या दिवसाची जागा कोरीच राहते. म्हणजे कागदावर सहा महिन्यांचं हवामानच छापलं जातं म्हणा ना.

सामान असं लागतं: ५०० मिलीचा ॲल्युमिनियमचा कॅन, ५ बाय ७ इंचाचा ग्लॉसी ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपर (फोटोकेमिकलवाला, प्रिंटरचा नाही, यात खूप जण फसतात), काळी इन्सुलेशन टेप, जाड काळा कार्डपेपर, बारीक सुई, पॉलिश पेपर आणि केबल टाय. कॅनचं वरचं झाकण कॅन ओपनरने काढा, कडा हाताला कापते म्हणून पॉलिश पेपरने घासून घ्या. आतून मॅट काळा रंग मारला तर उत्तम, नाहीतर चकचकीत ॲल्युमिनियमवरून उन्हाचे कवडसे परत कागदावर येतात. रंग पूर्ण वाळू द्या.

आता भोक. सगळा कॅमेरा म्हणजे हे भोकच आहे, त्यामुळे इथे अजिबात घाई नको. भोक मोठं झालं तर चित्र पुसट, आणि फार बारीक केलं तरी पुसटच, कारण अतिबारीक भोकातून जाताना प्रकाश कडेला फाकतो. योग्य माप किती ते भोकापासून कागद किती लांब आहे त्यावर ठरतं. कॅनचा व्यास साधारण ६६ मिलिमीटर असतो, तेवढ्या अंतराला ०.३६ मिलिमीटरच्या आसपासचं भोक बरोबर बसतं. हाताने शिवायची (मशीनची नाही) १२ नंबरची सुई जवळपास याच जाडीची असते, म्हणून ती आरपार गेली तरी चालते.

पण सुई नुसती खुपसू नका. कॅनच्या मागे पुठ्ठ्याचा तुकडा धरा, सुई सरळ उभी ठेवून हलकी दाबा, पत्रा फक्त फुगला पाहिजे, फाटला नाही पाहिजे. मग आतल्या बाजूला जो फुगवटा येतो तो बारीक पॉलिश पेपरने अलगद घासा, पत्रा तिथे पातळ होत जातो आणि शेवटी टोक उघडतं. आता सुई परत त्याच जागी ठेवून बोटांनी गोल फिरवत आत न्या, काढा, परत घासा. असं तीनचारदा केलं की कडा स्वच्छ होते. हे सगळं कॅनच्या आत हात घालून करणं किचकट आहे म्हणून मी दुसऱ्या कॅनचा दोन सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापून त्यावर भोक करतो आणि कॅमेऱ्याच्या कॅनला बोटाएवढी खिडकी कापून तो तुकडा आतून टेपने चिकटवतो. तुकडा असल्यामुळे तो स्कॅनरवरही ठेवता येतो, २४०० डीपीआयला (एका इंचात २४०० ठिपके) स्कॅन करा आणि भोक किती पिक्सेलचं आहे ते मोजा, ३४ च्या आसपास आलं तर ०.३६ झालं. आणि मोठं करून बघा, कडेला एखादी कुसळासारखी बारीक धार उभी दिसली तर परत घासा, कारण ती धार प्रत्येक फोटोत तुमच्यासोबत राहणार.

भोक कॅनच्या मधोमध पाडू नका, हे मला उशिरा कळलं. वरून येणारं ऊन भोकातून आत खाली जातं, त्यामुळे भोक जितकं वर तितकं जास्त आकाश कागदावर मावतं. मधोमध भोक असेल तर क्षितिजापासून जेमतेम ४४ अंशांपर्यंतचं दिसतं, वरून एक तृतीयांशावर पाडलं तर ५२ पर्यंत जातं, आणि कॅन थोडा मागे कलवला तर अजून. माझ्या पहिल्या फोटोत उन्हाळ्यातल्या सगळ्या कमानी वरून कापल्या गेल्या होत्या ते यामुळेच.

कागद भरायला बाथरूममधे अंधुक लाल दिवा पुरे. चकचकीत बाजू भोकाकडे ठेवायची, कुठली ते कळत नसेल तर ओल्या बोटाने कोपरा दाबून बघा, जी बाजू चिकट लागते ती इमल्शनची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराची. कागदाची ७ इंचाची बाजू कॅनच्या आतल्या गोलाईला लावून सोडा, तो स्वतःच भिंतीला टेकून बसतो आणि दोन्ही टोकांमधे तीन सेंटिमीटरची फट राहते, भोक बरोबर त्या फटीत आलं पाहिजे. वरून कार्डपेपरची गोल टोपी घाला आणि जोडावर टेपचे निदान दोन वेढे द्या. भोकावर टेपचा एक तुकडा, हे तुमचं शटर. टोपीवर वरून अजून टेप लावा कारण पाऊस पडणारच आहे, मी एकदा एकच वेढा दिला होता आणि उघडलं तेव्हा आत कागदाचा चिकट लगदा होता, चार महिने गेले.

लावायचं कुठे? उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. विषुववृत्ताच्या जवळपास राहणाऱ्यांनी पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे लावावा, कारण तिकडे दुपारचा सूर्य डोक्यावर असतो आणि चौकटीत येतच नाही, उलट सकाळसंध्याकाळच्या रेघा मात्र जवळजवळ उभ्या येतात आणि सुंदर दिसतात. समोर नुसतं आकाश नको, एखादं झाड, इमारतींची कड, डोंगर असं काहीतरी न हलणारं असू दे. तारीख शक्यतो २१ जून ते २१ डिसेंबर किंवा उलट धरा, या काळात सूर्य सगळ्यात वरच्या वाटेवरून सगळ्यात खालच्या वाटेवर येतो आणि नंतरचे सहा महिने त्याच वाटांनी परत जातो. कॅन गच्चीच्या लोखंडी पाइपला दोन केबल टायने आवळा, वरून टेप, आणि हाताने जोरात हलवून बघा. हललाच नाही पाहिजे, सहा महिन्यांत एकदा जरी वळला तरी दोन चित्रं एकावर एक येतात.

स्वतःच्या जागेत किंवा परवानगी घेऊनच लावा हे मनापासून सांगतो. २०१६ साली अमेरिकेत अटलांटात पुलाला टेपने चिकटवलेला असाच एक कॅमेरा बॉम्ब समजून पोलिसांनी मोठा रस्ता बंद केला होता. कॅनवर 'फोटो प्रयोग, कृपया काढू नये' आणि तुमचा नंबर लिहा. माझा एक कॅन कोणीतरी कचरा म्हणून काढून टाकला, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

शटरची टेप काढली की आपलं काम संपलं. महिन्यातून एकदा भोकावर कोळ्याचं जाळं नाही ना एवढं बघा. आणि विसरलात तरी बिघडत नाही, रेजिना वाल्केनबोर्ग या कलेच्या विद्यार्थिनीने २०१२ मधे इंग्लंडमधल्या बेफर्डबरी वेधशाळेच्या दुर्बिणीवर असाच कॅन लावला आणि तो सप्टेंबर २०२० मधे सापडला, आठ वर्षं आणि एक महिना, कागदावर सूर्याच्या २,९५३ कमानी. कागद ओला होऊन थोडा वळला होता पण चित्र होतं.

तोवर दुसऱ्या कॅनमधे छोटी एक्स्पोजर करून बघा, आता लाल दिवा आणि केमिकल आणलं तरी हरकत नाही. ६६ ला ०.३६ ने भागलं की साधारण एफ १८० येतो (अंतराच्या मानाने भोक किती लहान ते सांगणारा आकडा), पेपरचा स्पीड, म्हणजे प्रकाश टिपायचा वेग, आयएसओ ३ ते ६, म्हणजे कडक उन्हात २० ते ४० सेकंद आणि ढगाळ असेल तर काही मिनिटं. मोजताना लक्षात ठेवा की वेळ लांबली की पेपर आणि फिल्म दोन्ही आळशी होतात. इलफर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला प्रकाश मोजायच्या मीटरने १० सेकंद सांगितले तर २० द्यावे लागतात आणि ६० सांगितले तर साडेतीन मिनिटं, पेपरचा हिशोब स्वतःच एकदोन कागद वाया घालवून काढा. चालणारी माणसं फोटोत येतच नाहीत, पाणी धुरासारखं होतं. प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलने वेळ आणि ऊन कसं होतं ते लिहा, पुढच्या वेळी तेच कामाला येतं.

सहा महिने झाले की आधी भोकावर टेप लावा, मगच कॅन काढा, आणि अंधुक खोलीत उघडा. कागद दमट असेल तर अंधारातच वाळू द्या. चित्र आधीच दिसत असतं, तपकिरी, गुलाबी, कधी निळसर, आणि मोह होतो की फिक्सरमधे घालून पक्कं करावं, पण तसं करू नका, फिक्सरमधे ते रंग उतरतात आणि चित्र पार फिकं पडतं. सरळ स्कॅन करा. स्कॅनरचा दिवासुद्धा कागद काळा करतो म्हणून प्रिव्ह्यू बघत बसू नका, सेटिंग दुसरा कुठलाही कागद ठेवून आधीच ठरवा, रंगीत मोड, ६०० किंवा १२०० डीपीआय, आणि एकाच फेरीत उरका. मग कॉम्प्युटरवर इन्व्हर्ट करा (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं), उलटं आलेलं सरळ फिरवा आणि डावंउजवं फ्लिप करा, नाहीतर झाड चुकीच्या बाजूला येतं. मूळ कागद ज्या काळ्या पिशवीतून आला त्याच पिशवीत परत ठेवा आणि पाकिटावर दोन तारखा लिहा, लावल्याची आणि काढल्याची.