आई-वडिलांपासून ‘कायद्याने मोकळं’ व्हायचंय? आधी या चुका टाळा

समोर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने चार घड्यांचा स्टॅम्पपेपर उलगडला. खाली नोटरीचा गोल शिक्का, वर टाईप केलेलं: ‘आजपासून माझा आई-वडिलांशी कोणताही संबंध नाही.’ घड्यांवर कागद फाटायला आला होता. इतका जपलेला तो कागद कायद्याच्या लेखी निरुपयोगी आहे, हे त्याला सांगताना माझा जीव तुटला.

पहिली चूक हीच. कॅलिफोर्नियात वेगळं राहून स्वतःचा खर्च भागवणारं १४ वर्षांवरचं मूल कोर्टाकडून सुटकेचा हुकूम मागू शकतं. आपल्याकडे तशी सोयच नाही. १८७५ च्या कायद्याप्रमाणे अठरावा वाढदिवस उजाडला की माणूस सज्ञान. त्याआधी कोर्ट फार तर पालक बदलून देतं. ही वाट मात्र मुलांना कुणी सांगत नाही, याची मला खंत आहे. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली आजी, मामा, आत्या असं कुणीही अर्ज करू शकतं. मूल जाणतं असेल, तर त्याला कुणाकडे राहायचंय हेही न्यायाधीश विचारात घेतात.

आई-वडिलांचीही एक चूक असते: पेपरात ‘मुलाशी संबंध तोडले’ अशी जाहीर नोटीस देणं. अठराच्या आतल्या मुलाला पोसण्याची जबाबदारी अशा नोटिशीने संपत नाही. पोटगी मागता येते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली.

‘लग्न केलं की सुटले’ असं मुलींना वाटतं. अठराच्या आत लग्न केल्याने कुणी सज्ञान होत नाही, उलट जोडीदारावर पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा, गुन्हा दाखल होऊ शकतो.

घरात मारहाण किंवा त्याहून वाईट काही होत असेल, तर कृपा करून वाढदिवसाची वाट बघू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे मूल स्वतःही जाऊ शकतं, वकील लागत नाही.

जन्मदाखला आणि दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र यांच्या प्रती विश्वासू माणसाकडे ठेवा. वयावरून वाद झाला, तर हेच कागद कामी येतात.

त्या मुलाला मी तिथेच आत्याला फोन लावायला सांगितला. अर्जावर तिची सही लागणार होती.