पाणी, चिखल आणि बेसॉल्ट : तरंगांचं सिम्युलेशन शिकताना

पाण्यातून आणि खडकातून जाणाऱ्या तरंगांचं संगणकावर सिम्युलेशन करण्याच्या या विषयात नव्याने येणारी मुलं बहुधा विचारतात, "कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" मी त्यांना उलट विचारते, पाण्यातला तरंग खडकाला भिडतो तेव्हा त्या सीमेवर काय काय जुळावं लागतं? हे कागदावर मांडता आलं, तर सॉफ्टवेअर कुठलंही चालेल.

सीमेला लंब दिशेचा वेग दोन्हीकडे सारखा हवा. खडकातला लंब ताण पाण्याच्या दाबाशी जुळला पाहिजे आणि शिअर ताण, म्हणजे सीमेला समांतर ओढणारा ताण, शून्य हवा. समांतर दिशेने मात्र दोन्ही माध्यमं एकमेकांवरून खुशाल घसरू शकतात. द्रवात शिअर टिकतच नाही, म्हणून एस तरंग (कणांना आडवं हलवणारा शिअरचा तरंग) पाण्यात शिरत नाही. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रव असल्याचंही यावरूनच कळलं.

पहिला कोड एकमितीय लिहा. पाण्याची घनता घनमीटरला १००० किलो आणि त्यातला तरंगाचा वेग सेकंदाला १५०० मीटर, बेसॉल्टची २९०० आणि ५५०० धरली, तर दाबाचा परावर्तन गुणांक (सीमेवरून दाबाचा किती भाग परत फिरतो) साधारण ०.८३ येतो. कोडमधून हा आकडा निघेपर्यंत द्विमितीयकडे वळू नका. रंगीत ॲनिमेशन चुकीच्या कोडमधूनही छानच दिसतं!

आता खरी मेख. मुंबई बंदरात उथळ पाणी, त्याखाली मऊ सागरी चिखल आणि तळाशी बेसॉल्ट आहे. चिखलातला एस तरंग सेकंदाला १०० मीटर धरू. २० हर्ट्झला तरंगलांबी ५ मीटर, एका तरंगलांबीत १० बिंदू घेतले की जाळी, म्हणजे हिशेबाच्या दोन बिंदूंमधलं अंतर, अर्ध्या मीटरची. एक किलोमीटर लांब, तेवढंच रुंद आणि २०० मीटर खोल मॉडेल घेतलं, तर १६० कोटी बिंदू होतात. प्रत्येक बिंदूवर वेग, ताण आणि खडकाचे गुणधर्म मिळून डझनभर आकडे, म्हणजे ७५ जीबीच्या वर मेमरी. लॅपटॉप विसरा. शिवाय कालपायरी (लागोपाठच्या दोन हिशेबांमधला वेळ) ठरवतो सर्वांत वेगवान बेसॉल्ट : कूराँ, फ्रीडरिक्स आणि लेवी यांच्या १९२८ च्या अटीनुसार ती ०.०५ मिलिसेकंदाच्या आसपास येते. थोडक्यात, सगळ्यात मंद थर जाळी बारीक करतो, सगळ्यात जलद थर पायरी लहान करतो आणि बिल दोघांचं मिळून येतं.

मग चिखलालाच द्रव समजलं तर? जाळी १५ पट जाड चालेल आणि ढोबळ हिशेबाने काम ५० हजार पटीने हलकं होईल. मोह होतोच. पण मग चिखलातले एस तरंग गेले, आणि पाणी-चिखलाच्या सीमेलगत धावणारा मंद शोल्टे तरंगही गेला. चिखल किती मऊ आहे हे शोधायचं असेल, तर नेमका तोच तरंग हवा असतो. मला विचाराल तर आधी वारंवारता कमी करा, चिखल ठेवा.

पद्धतींचं म्हणाल तर व्हिरियूची १९८६ ची स्टॅगर्ड ग्रिड (वेग आणि ताण अर्ध्या घराने सरकवलेल्या बिंदूंवर ठेवणारी जाळी) नवख्यांना सोयीची. द्रवात शिअर गुणांक (शिअरला विरोध करणारा कडकपणा) शून्य ठेवला की तेच समीकरण दोन्हीकडे चालतं. शिअर गुणांकाची सरासरी हार्मोनिक (व्यस्तांकांच्या सरासरीचा व्यस्तांक) घ्या, म्हणजे शेजारी एकही बिंदू पाण्यात असला की ती आपोआप शून्य होते. मात्र उतरत्या समुद्रतळावर जाळीच्या पायऱ्या पडतात आणि त्यातून खोटे तरंग उठतात. तिथे जाळीची घरं तळाच्या उताराप्रमाणे बसवणारी स्पेक्ट्रल एलिमेंट पद्धत सरस ठरते. तिचं स्पेकफेम हे सॉफ्टवेअर खुलं आहे, फोरट्रानमध्ये आहे. नाकं मुरडू नका.

खडकाच्या छिद्रांतच पाणी असेल, तर बियोचा १९५६ चा सिद्धांत वाचायला घ्या. त्याने भाकीत केलेला दुसरा, मंद पी तरंग (पी म्हणजे दाबाचा तरंग) प्रयोगशाळेत प्लोनाला दिसला तो १९८० मध्ये. पण हे पहिल्या वर्षी नको.

शिक्षणाचं म्हणाल, तर भूभौतिकी, गणित, भौतिकशास्त्र, सिव्हिल, कुठूनही येता येतं. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईतल्या उपयोजित भूभौतिकीकडे जाता येतं. पुढे हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय), पुण्यातलं महासंगणकांवर काम करणारं सी-डॅक, खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, तेल कंपन्या हे रस्ते आहेत. मुलाखतीला जाताना तो ०.८३ वाला छोटा कोड सोबत न्या आणि त्यातली प्रत्येक ओळ समजावता येईल अशी तयारी ठेवा.