ख्रिस्ती विश्वासावरून कुणी अंगावर आलं तर उभं कसं राहायचं

आधी समोरचा नेमकं काय करतोय ते ओळखा. कुणी विचारतो, देव आहे तर जगात एवढं दुःख का, तर तो विरोध नाहीच, प्रश्न आहे, त्याच्यावर डाफरू नका. चारचौघांत टिंगल करणारा वेगळा, घरातलं रागावलेलं माणूस वेगळं आणि धमकी देणारा तर फारच वेगळा. सगळ्यांना बायबलचं एकच वचन फेकून मारायचं, ही आपल्यातल्या बऱ्याच जणांची सवय आहे आणि तिचा काही उपयोग होत नाही.

दुसरं जरा झोंबेल. विरोध विश्वासाला आहे का तुमच्या वागण्याला, हे तपासा. बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात, १ पेत्र ४:१५ मध्ये, येशूचा शिष्य पेत्र लिहितो की खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कुणी दुःख भोगू नये. म्हणजे बघा, लुडबुड करणाऱ्याला त्याने थेट खुन्याच्या रांगेत बसवलंय! कामात टंगळमंगळ केली आणि साहेब ओरडले तर तो छळ नाही. आजारी माणसाला भेटायला जाऊन त्याच्या श्रद्धेला नावं ठेवली आणि घरच्यांनी बाहेर काढलं, तर तोही नाही.

आता तयारी. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाचा पहिला अध्याय नीट वाचा, त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं त्या गोष्टीच्या खूप आधीचा. या यहूदी तरुणाला कैद करून बाबेलमध्ये नेल्यावर त्याचं नाव बदललं, तिथली भाषा आणि विद्या शिकायला लावली, त्यावर तो अडून बसल्याचं कुठे दिसत नाही. राजाच्या ताटातलं खायचं नाही, ही रेघ मात्र त्याने मनात आधीच ओढलेली होती. मुख्य अधिकारी राजाला घाबरून कां कूं करायला लागला तेव्हा दानीएलने तमाशा केला नाही, देखरेखीच्या माणसाकडे गेला आणि म्हणाला, १० दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन बघ, मग ठरव. मला हा भाग गुहेपेक्षा जास्त कामाचा वाटतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांसमोर सिंह नसतो, मॅनेजर असतो. तर तुम्हीही शांतपणे बसून लिहून काढा की काय अजिबात करणार नाही आणि कशात जुळवून घेता येईल. खोट्या बिलावर सही करणार नाही, हे पक्कं. रविवारी शिफ्ट लागली तर आधी कुणाशी अदलाबदल होते का विचारा, राजीनाम्याची भाषा नंतर.

हे आधी ठरवायचं कारण म्हणजे ऐनवेळी माणूस गडबडतो. पेत्राचंच घ्या, येशूला धरायला आलेल्या शिपायांसमोर बागेत तलवार काढून महायाजकाच्या, म्हणजे यहूद्यांच्या मुख्य याजकाच्या, नोकराचा कान उडवला आणि त्याच रात्री एका दासीने नुसतं विचारलं, तूही येशूच्या माणसांतलाच ना, तर नाही म्हणाला. तलवारीला तो घाबरला नव्हता, साध्या प्रश्नाला घाबरला. आपलंही तसंच होतं, मोठ्या छळाची तयारी असते आणि कॅन्टीनमध्ये कुणी हसत हसत विचारलं की जीभ टाळूला चिकटते.

म्हणून उत्तर तयार ठेवा, चार वाक्यांचं, आणि ते मोठ्याने बोलून बघा. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय आणि लगेच पुढे सौम्यतेने द्या असंही म्हटलंय, हे दुसरं आपण सोयीने विसरतो. योहान ९ मधला, येशूने दृष्टी दिलेला जन्मांध माणूस यात उस्ताद. परूशी, म्हणजे नियमांबाबत कडक यहूदी धर्मपुढारी, त्याला घोळात घ्यायला बघतात, येशू पापी आहे म्हणतात, तर तो म्हणतो ते मला माहीत नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं एवढं मला कळतं. तुम्हालाही उत्क्रांतीपासून धर्मयुद्धांपर्यंत सगळ्याचं उत्तर येत नसेल तर सरळ सांगा, हे मला माहीत नाही, वाचून सांगतो. आणि खरंच वाचा.

टिंगलीला मात्र प्रत्येक वेळी उत्तर लागत नाही. येशूला पकडून हेरोद राजापुढे उभं केलं तेव्हा हेरोदाला चमत्काराची गंमत बघायची होती, त्याने पुष्कळ प्रश्न विचारले, येशू एक शब्द बोलला नाही. पण महायाजकापुढे थोबाडीत बसली तेव्हा त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर मारतोस का? गंमत बघणाऱ्यापुढे गप्प, अन्यायापुढे सरळ प्रश्न. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदा नीट उत्तर द्या आणि थांबा, रात्री १२ वाजता पुराव्यांचे फोटो पाठवत बसू नका.

घरचा विरोध सगळ्यात अवघड, कारण तिथे प्रेमही असतं. बाप्तिस्मा घेतला म्हणून आईने बोलणं टाकलं तर तिच्या श्रद्धेवर वाद घालून ती परत बोलणार नाहीये. फोन करत राहा, दवाखान्यात न्या, खोटं बोलू नका आणि रोज तोच विषयही काढू नका. येशूचे भाऊसुद्धा आधी त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, योहान ७:५ मध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि त्यातलाच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चचा, पुढारी झाला. वेळ लागतो, कधी फार लागतो.

धमकी किंवा मारहाण असेल तर गणितच बदलतं. पळून जाणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे, मत्तय १०:२३ मध्ये येशूनेच सांगितलंय की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, आणि येशूचा प्रेषित पौल जीव वाचवायला दिमिष्क (दमास्कस) शहरातून टोपलीत बसून तटावरून उतरला होता. दुसऱ्या शतकातला स्मुर्णा शहराचा (आजच्या तुर्कस्तानातलं) बिशप पॉलिकार्प, पुढे विश्वासासाठी मारला गेलेला, तोही आधी शहराबाहेर निघून गेला होता. त्याच्या मरणाचा जो वृत्तांत त्याच्या मंडळीने लिहिला, त्यात क्विंटस नावाचा एकजण आहे, तो स्वतःहून हजर झाला, इतरांनाही भरीला घातलं आणि हिंस्र जनावरं बघून त्यानेच घाबरून रोमी रीतीची शपथ घेतली आणि त्यांच्या देवांना अर्पण वाहिलं, म्हणजे विश्वास नाकारला. म्हणून उगाच मरण ओढवून घेऊ नये असं त्या मंडळीने लिहून ठेवलं.

कायदा वापरायलाही लाजू नका. फटके मारायला बांधलं तेव्हा पौलाने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं आणि नंतर कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, अपील केलं. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १८ धर्म पाळण्याचं आणि बदलण्याचंही स्वातंत्र्य मान्य करतं, तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते मात्र वकिलाला विचारा. धमकीचे मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि साक्षीदार लिहून ठेवा, तक्रार द्यायला एकट्याने जाऊ नका. मंडळीतल्या दोन भरवशाच्या माणसांना तुम्ही कुठे आहात हे माहीत असू द्या. आणि घरात मार बसत असताना प्रार्थना कर आणि सहन कर एवढंच कुणी सांगत असेल, मग तो पास्टर का असेना, आधी सुरक्षित जागी जा, प्रार्थना तिथूनही करता येते.